गिअरबॉक्सवरचा शेंदूर

प्रिय भुपेंद्रदादा,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "बरं, ते राहू दे" म्हणून तू पुढे निघून जातोस आणि मी फोन कानाला लावून अंगणात उभी. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. रक्षावहिनीच्या हातचा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

पहिली बातमी ही की बाबांची ट्रॅक्टरमागची गवत कापायची मशीन विकायची नाही. लाखांदूरचं जे गिऱ्हाईक तू ठरवलं आहेस, त्याला नाही म्हणून कळव. गिअरबॉक्स फुटलेला नव्हता आणि आता तो गळतही नाही. काल मी गावतलावाच्या अख्ख्या पाळीवरचं गवत कापलं, झुडपांसकट, आणि घरी आल्यावर मशीनच्या खाली हात फिरवून पाहिला. हाताला गवताचा चोथा लागला, तेल नाही. "बाईमाणसाच्या हाती मशीन टिकत नाही" असं तू दिवाळीत चारचौघांसमोर म्हणालास, ते मला फार लागलं होतं. म्हणून ही बातमी आधी.

तू नागपूरला असतोस, त्यामुळे तुला मशीन म्हणजे शेडमध्ये उभं असलेलं लोखंड वाटतं. बाबांनी ती आणली तेव्हा गावाने थट्टा केली होती. गवत कापाले मशीन कायले लागते, विळे का मेले? मग तलावाची पाळ, नहराचा काठ, अड्याळकडच्या आमराया, सगळीकडून बोलावणी आली आणि थट्टा बंद झाली. नाकाडोंगरीचा संसार मोडून मी परत आले, तेव्हा लोक दारात डोकावून आईला विचारायचे, पोरगी किती दिवस हाय? बाबांनी एकालाही उत्तर दिलं नाही. त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं. पुढे त्यांचे गुडघे गेले, तेव्हा ते पाळीवर बसून नुसतं बघायचे आणि मी कापायची. तू म्हणतोस ना, की मी रिकामी बसू नये म्हणून बाबांनी मला खेळणं दिलं होतं? खेळण्याने घर चालत नाही, दादा.

दसऱ्यानंतर तेल गळायला लागलं. पात्यांचा दांडा गिअरबॉक्समधून जिथे खाली उतरतो, तिथून धार लागायची आणि कापलेल्या गवतावर काळे डाग पडायचे. श्यामराव मिस्त्रींनी तिथलं ऑइल सील बदलून दिलं. पुन्हा गळलं. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. मग ते म्हणाले, "बॉडीले तडा गेला असन, पोरी. आता काही खरं नाही." ते तू ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तयार! मासेमारी सोसायटीच्या केशवरावांनीही निरोप पाठवला, की पाळ या आठवड्यात साफ झाली नाही तर दुसऱ्याला सांगू. म्हणजे काम गेलं, मग मशीन गेली, मग ट्रॅक्टर कशाला ठेवायचा, आणि मग कामिनी कशाला. तुझा हिशेब मला पाठ आहे.

मला राग आला की माझे हात चालतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मशीन उचलून खाली लाकडाचे ठोकळे दिले. नुसत्या ट्रॅक्टरच्या भरवशावर मशीनखाली शिरायचं नाही, ही बाबांची शिस्त. सगळा चिखल धुतला, गिअरबॉक्स पुसून कोरडा केला आणि हातात बॅटरी घेऊन बोटबोट तपासला. तडा कुठेच नव्हता. मग एक गोष्ट लक्षात आली. मशीन थंड असताना थेंब पडत नाही, तापली की गळते. काम करून आल्या आल्या मी वरचं तेल भरायचं बूच सैल केलं, तर आतून फुस्सकन हवा आली. आत हवा कोंडली होती. बाहेर पडायला वाट मिळेना, म्हणून ती खालच्या सीलमधून तेलाला ढकलत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आमचं चाललं होतं.

आता नीट वाच. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक बोंड असतं, त्याला बारीक भोक असतं. मशीन तापली की आतली हवा तिथून बाहेर पडते. बाबा दर दसऱ्याला त्याच बोंडाची पूजा करायचे, कारण त्यांना ते मारुतीसारखं दिसायचं. पण ते एका बाजूला शेंदराचं बोट टेकवायचे, भोक मोकळं राहायचं. त्यांना त्याचं कारण माहीत होतं की नुसती सवय होती, देव जाणे. ते गेले त्या वर्षी पूजा झालीच नाही. यंदा तू आलास. मी सकाळपासून मशीन धुऊन, ग्रीस करून, आंब्याची पानं बांधून ठेवली होती, पण ताट आईने तुझ्या हातात दिलं. घरातला पुरुष तू. आणि तू बाबांच्या आठवणीने भरल्या डोळ्यांनी त्या बोंडाला तेल-शेंदराचा जाड चोळा चढवलास, अगदी मुठीने. भोक बंद! वर तो वाळून असा घट्ट झाला की मला स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागला. हस बाबा, मीही हसले. पूजेचा मान तुझा आणि गळतीचा दोष माझा, हे मात्र हसण्यावारी नेणार नाही.

खरवडताना आई धावत आली. "बापाच्या माघारची पहिली पूजा हाय ते, काहून खरवडून राहिलीस वं?" असं म्हणून तिने माझा हात धरला. रडलीही. मी थांबले नाही. आईला रडवून काम केल्याचं मला वाईट वाटलं, पण शेंदूर ठेवला असता तर मशीन गेली असती. बोंड काढून डिझेलमध्ये भिजवलं, सायकलच्या तारेने भोक मोकळं केलं, तोंडाने फुंकून पाहिलं. पाती उतरवली, दांड्याला गुंडाळलेली नायलॉनची दोरी कापून काढली, आणि नवं सील ठोकळ्यावर हलके हलके ठोकत सरळ बसवलं. तेल खुणेपर्यंतच भरलं. श्यामरावांना दाखवलं तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "तेल खालून गळे, म्हणून मी खालीच पाहत होतो ना!" आणि आपणहून पाळीवर आले, पहिला फेरा होईस्तोवर थांबले. भला माणूस आहे.

आई पण पाळीवर आली होती. उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसली, बाबा बसायचे तिथेच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. भाऊबीजेला मी ओवाळलं, आणि ताट खाली ठेवायच्या आत तू म्हणालास, सोमवारी पवनीला कचेरीत ये, बाबांच्या शेताच्या हक्कसोडावर सही करून दे, सगळ्याच बहिणी देतात, त्याने माहेर टिकतं. मी तेव्हा गप्प राहिले, त्याला तू होकार समजलास. तो होकार नव्हता. मी सही देणार नाही. तुझ्या वाट्यातला एक बांध मला नको, पण माझा मी सोडणार नाही. ज्या धानाच्या बांधीत मी चिखल केला, ती मला पाहुणी म्हणून बघायची नाही. यावर तू रागावशील, बोलणं टाकशील, टाक. माझा जीव तुटेल, तरी सही होणार नाही. आईचीही सही तुला हवी होती. तिला मी काहीच विचारलं नव्हतं, ती तुझीच बाजू घेईल असं धरून चालले होते. आत्ता ती इथेच लाखोरीची डाळ निवडत बसली आहे. मी काय लिहिते ते तिने विचारलं, मी वाचून दाखवलं. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "माह्यं बी लिव त्यात. सोमवारी मी बी नाही येत म्हनाव. मले तं कोनी इचारलंच नाही."

तुझीच, आणि सातबाऱ्यावर तुझ्या खालोखाल नाव असलेली,
कामिनी