बाकी तीन

३ नोव्हेंबर

मेई, म्हणजे माझी आई, शेगडीपाशी सुपारी चिरत बसली होती. मी बारा वर्षांची. कॉन्व्हेंटचा निळा स्वेटर अंगातच, चटईवर पालथी पडून भागाकार करत होते. गणित मोठ्याने म्हणत सोडवायचं, तेही इंग्रजीत, ही सिस्टर इग्नेशियांची शिस्त. शेवटी म्हणाले, "रिमेंडर थ्री."

मेईची सुरी थांबली. "काय म्हणालीस? परत म्हण."

"रिमेंडर."

"किती गोड आहे गं! म्हणजे काय?"

"बाकी, मेई. सगळ्यांना सारखं वाटून झालं तरी जे उरतं ना, ते."

त्या वर्षी माझे दोन्ही धाकटे भाऊ एकाच तापाने गेले होते. वडील आपल्या आईच्या घरी म्हणून गेले ते तिकडेच राहिले. मेईला नववा लागलेला. तिने सुपारीच्या फोडी मोजाव्यात तशी बोटं मोजली. "तीन उरले? बरोबर आहे. तू, मी आणि हे." पोटावर हात ठेवून म्हणाली.

पहाटे बाळ झालं. मुलगी. नाव आधीच ठरलेलं — रिमेंडर.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आज लिहायला घेतली, कारण आज माझं डोकं फिरलंय! रिमेंडरच्या मुलीचं, आमच्या दाफिशाचं, जानेवारीत लग्न. मुलगा लखनऊचा, बंगळुरूला तिच्याच ऑफिसात. आज पत्रिकेचा नमुना फोनवर आला. मुलीच्या आईचं नाव काय छापलंय? श्रीमती रिमा!

ही रिमा कोण? आमच्या घरात तर कुणी रिमा राहत नाही.

४ नोव्हेंबर

दाफिशाला फोन केला. "मेईसान, तू चिडू नकोस हं," मोठ्या मावशीपाशी अशीच सुरुवात! म्हणजे काय केलंय ते पोरीला पुरतं ठाऊक आहे. उत्कर्षच्या — होणाऱ्या जावयाच्या — बहिणीने नाव ऐकलं आणि हसत सुटली म्हणे. "रिमेंडर? मग तुझी मावशी कोण, डिव्हायडर?" दर निवडणुकीला आमच्या डोंगरांतल्या उमेदवारांच्या अशा इंग्रजी नावांची यादी फोनवर फिरते आणि सगळा देश पोट धरून हसतो. तीच यादी तिने दाफिशाला पाठवली. वर हसरे चेहरे!

"पाचशे लोकांत मला मेईचं हसं करून घ्यायचं नाही," दाफिशा म्हणाली.

"हसं तिचं होत नाही. हसणाऱ्यांचं होतं."

"ते तू म्हणतेस. तुझं नाव बर्नडेट आहे ना, तुला काय!"

माझं नाव! फादरनी कॅलेंडरवरचा संताचा दिवस बघून ठेवलं. मेईला जन्मभर ते धड म्हणता आलं नाही. त्याचा अर्थ सिस्टरांनी एकदा सांगितला होता — अस्वलासारखी धीट. एवढ्या वर्षांत एक माणूस हसला नाही. अस्वल चालतं! आणि रोगाने आणि नवऱ्याने लुटलेल्या बाईने आपल्या उरलेल्या लेकराला मोजून, विचारून, अर्थ समजून घेऊन दिलेलं नाव — ते मात्र विनोद!

५ नोव्हेंबर

रिमेंडर दुकान बंद करून आली. अंगाला वाळल्या मासळीचा वास, तोंडात पान. मी पत्रिकेचं काढलं. थोरल्या बहिणीला ती काँगच म्हणते.

"काँग, जाऊ दे ना. रिमा चांगलंच आहे की. सिनेमातल्या नटीसारखं."

"तुला राग येत नाही?"

"राग कसला? नाहीतरी मी पातेल्याच्या बुडाचंच."

मान वर न करता म्हणाली. कपातला लाल चहा संपवला आणि भात लावायला उठली.

ते वाक्य माझं आहे. मी वीस वर्षांची होते, ती आठची. माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रावर तिने शाई सांडली. मी ओरडले होते — "नाव बघ स्वतःचं! सगळ्यांचं जेवून झाल्यावर पातेल्याच्या बुडाला चिकटून उरतं ना, ते तू!"

लखनऊची ती पोर आत्ता हसली. मी पन्नास वर्षं आधीच हसून बसले होते.

६ नोव्हेंबर

चर्चला गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं?

८ नोव्हेंबर

पत्रिका पुन्हा बघितली. मुलाच्या बाजूला सगळ्यात वर ठसठशीत सोनेरी अक्षरांत आजोबा — स्वर्गीय शेषमणी. मी उत्कर्षलाच फोन लावला.

"बाबा रे, तुझ्या आजोबांच्या नावाचा अर्थ काय?"

खूश झाला. "आंटी, शेष म्हणजे तो मोठा नाग. हजार फण्यांचा. पृथ्वी त्याच्या डोक्यावर आहे."

"ते झालं. पण त्याला शेष का म्हणतात? शब्दाचा अर्थ काय?"

आता हळूच म्हणाला, "प्रलयात सगळं बुडून गेल्यावर जो उरतो, तो."

"आणि तुमच्या शाळेत भागाकाराच्या शेवटी खाली उरतं, त्याला काय म्हणत होतात?"

"शेष," तो म्हणाला. "आंटी... म्हणजे माझे दादाजी आणि दाफिशाची मम्मी—"

"हो. एकच नाव. एकाचं सोन्यात छापलंय आणि एकीचं खोडलंय. बहिणीला सांग तुझ्या!"

फोन ठेवला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

९ नोव्हेंबर

आज रिमेंडरला समोर बसवलं. शेगडीची ती संध्याकाळ तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती! मेई गेलेल्या भावांचं नाव काढत नसे, आणि मी — मला वाटायचं तिला ठाऊकच असेल.

सगळं सांगितलं. शाईचा दिवसही. "तेव्हा मी खोटं बोलले होते. उष्टं नव्हे गं. कुणाच्याही वाट्याला न जाता जे राहतं, ते. मेई तुला घट्ट धरून म्हणायची, ही कुणाला द्यायची नाही."

ती पदराच्या टोकाची गाठ सोडत, बांधत राहिली. मग म्हणाली, "शाई मी मुद्दाम सांडली होती. तू नोकरीला गुवाहाटीला जाणार होतीस ना."

दोघी रडलो. भात करपला.

१० नोव्हेंबर

सकाळी दुकानात जाण्याआधी तिने स्वतः छापखान्यात फोन केला. बाजारात मासळीचा भाव ओरडतात त्या आवाजात. "रिमा नाही! रिमेंडर! हो, तेच. हसायचं झालं असेल तर छापायला घ्या!"

दाफिशाचा दुपारी फोन. रागावलेली नव्हती. उत्कर्षने घरी भांडण केलं म्हणे. नणंदेचा एका ओळीचा निरोप आला — माफी मागते. अशी यादी पाठवायची नसते, एवढं तरी कळलं तिला.

जाताना रिमेंडर दारातून वळली. "काँग, ती वही असेल का गं? मला ते गणित बघायचंय. माझ्या नावाचं."

असणार. मेई कागदाचा कपटा टाकत नसे. आणि माझी ती वही तपासायला गेलीच नाही. बाळाच्या गडबडीत मी पंधरा दिवस शाळेत नव्हते.

११ नोव्हेंबर

मेईच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. तळाशी, भावांच्या दोन टोप्यांखाली.

तीनशे एक्क्याण्णव भागिले सतरा. सुरुवात बरोबर आहे. शेवटी मी लिहिलंय — सतरा त्रिक अठ्ठेचाळीस. बाकी तीन.

सतरा त्रिक एक्कावन्न.

बाकी काहीच उरत नव्हतं.

१२ नोव्हेंबर

वही अजून शोधतेय, असं तिला सांगितलंय. स्वतःच्या हाताने द्यायला धीर होत नाही, म्हणून मी गेल्यावर काय कुणाला, ते इथे लिहून ठेवते. पोवळ्याची माळ दाफिशाला; ती मात्र आधीच देईन, लग्नातच घालावी. चौकड्याची शाल उत्कर्षच्या बहिणीला. आमच्याकडे थंडी फार, आणि यावं तिने. दोन टोप्या माझ्याबरोबर शवपेटीत. वही रिमेंडरला. तीस वर्षं दुकान चालवतेय, तिला एका नजरेत कळेल. कळू दे. पण लाल शाई लावायची नाही. बाकी तीनच ठेवावी.