हळदीच्या दिवशी गणिताचा पेपर

३ मार्च १९७४
आज परत सैपाकघरात वर्ग भरला. दिराची पोरगी शैला बी.एड. करती. शाळेत पाठ घ्यायच्या आधी घरी माज्यावर घेऊन बघती. मी एकटीच सगळा वर्ग. तिनं पाठ फिरवली की मी शेंगदाणा मारती. "काकू, वर्गात असं कोण करतं?" म्हणलं, मग तू वर्ग बघितलाच न्हाईस.
जाताना कानात सांगून गेली. सातवीच्या परीक्षेला बाहेरनं माजं नाव घातलंय तिनं. पास झाले तर जूनपासनं गल्लीतल्या बालवाडीत घेतील. पगार माजा. खोली बी बघीन एकादी. भावजींना म्हाईत न्हाय. जाऊबाईला तर न्हायच.

१० मार्च
शै.चं पाठांतर. मी वही धरती, ती म्हणती. माणसाचा दर्जा दोन तऱ्हेचा म्हणं. न मागता चिकटतो त्यो अर्पित. आपल्या कष्टानं मिळतो त्यो अर्जित. शाळा माणसाला पयल्यातनं दुसऱ्यात नेती. इचारलं, "आन् विधवा कंच्यात गं?" पेन चावत बसली. मग म्हणाली, "काकू, हे पेपरात येत नाही."
बरं हाय. तेवढा अभ्यास कमी.

१७ मार्च
त्रैराशिक. डोकं चालंना. शै. वैतागली, "गावच्या शाळेत चार वर्षं केलंस काय?"
सांगितलं. शनवारी गुरुजी पोरींना शेण कालवाय लावायचे. आमी शाळा सारवायची, तवर पोरं झाडाखाली बसून हिशेब शिकायची. माजं सारवण सगळ्यात चांगलं. गुरुजी शाबास म्हणायचे, मला लई भारी वाटायचं.
शै. उठून वहीच घिऊन आली. त्यांच्या सरांनी सांगितलंय म्हणं, पुस्तकात नसलेलं बी शाळा शिकवती. कुणी कुटं बसायचं, कुणी काय करायचं. माजं लिवून घेतलं, उदाहरण म्हणून.
म्हणलं, आता उदाहरणाला च्या टाक.

२६ मार्च
शै.चं ठरलं. पोरगा बार्शीचा, घरचं अडतीचं दुकान. पोरगं बरं दिसतंय, कान तेवढे मोठे. तिला म्हणलं, तुजं ऐकंल तरी.
रात्री जेवताना भावजी म्हणले, "वहिनी, लग्न उरकलं की तुमी माढ्याला आईजवळ जावा. हितं तुमाला तरी काय काम?" तवा तापलेला, भाकरी हातावर. काय काम म्हणं. तीच भाकरी वाढली त्यांना.
माढ्याला शेतातली वस्ती. सासूबाई, म्हस आन् मी. तितं गेले की बालवाडी ऱ्हायली.

४ एप्रिल
शै.ची सासू यिऊन गेली. बी.एड.ची परीक्षा लग्नानंतर बघू म्हणली. सून शिकलेली पायजे, पोरांचा अभ्यास घ्यायला. नोकरीचं नावच न्हाय. त्या गेल्यावर शै.ला चिडवलं, "तुजं अर्जित बी अर्पितात गेलं की." हसली न्हाय.
उगं बोलले. दिवसभर तिच्याकडं बघवंना.

१३ एप्रिल
हळद सव्वीसला. गणिताचा पेपर बी सव्वीसलाच, अकराला. शै.चं तोंड उतरलं. मला हसू आलं.
जाऊबाईनं कालच सांगून ठेवलंय, "अक्का, हळदीला तुमी मागंच बसा. म्होरं सवाष्णी असत्यात. मनाला लावून घिऊ नका." कशाला लावून घिऊ. दिवसभर कुणी मला बघायचंच न्हाय. मागल्या दारानं जायचं, मागल्या दारानं यायचं. शै.ला म्हणलं, तुज्या सरांना सांग, अर्पिताचा बी उपेग असतो.
पर मागं म्हंजी चुलीम्होरं. पावण्यांच्या भाकरी कोण करणार?

१८ एप्रिल
त्रैराशिक जमलं. सगळी बरोबर.
कुणाला सांगू? म्हशीला सांगितलं असतं, पर ती माढ्याला.

२४ एप्रिल
सापडलं. कडक भाकरी. आठ दिस ठिवली तरी काय हुत न्हाय. सकाळधरनं बडवती हाय, पापडावाणी पातळ. टोपली भरली, दुसरी घेतली. जाऊबाई बघत उबी ऱ्हायली. "अक्का, हळद परवा हाय." म्हणलं, "तुमच्या म्हायरची माणसं हायत. दातांची परीक्षा घ्यावी म्हणलं." आत गेली, पर वळून बघितलंच. आमटी करायला तिची बहीण येतीय. म्हंजी मी नसले तरी चालंल.
खांदा भरून आलाय. मागल्या दाराच्या कडीला तेल घातलं, वाजायची.

२६ एप्रिल
मागल्या दाराला कुलूप.
पावण्यांची पोरं रस्त्यावर पळत्यात म्हणून लावलं म्हणं. पोरांसाठी का माज्यासाठी, देव जाणे. किल्ली जाऊबाईच्या कमरेला, आन् ती हळदीत. मागितली तर 'कुटं?' म्हणून इचारंल.
म्होरलं दार ऱ्हायलं. माजघरात पाट, पाटावर शै., भवतीनं सवाष्णी. सगळ्यांच्या मधनं जावं लागंल. हळद लागताना मी आडवी गेले म्हणून लोक काय बोलतील ते मला म्हाईत हाय. ते मला न्हाय, पोरीला ऐकावं लागंल. बार्शीपत्तुर.
सव्वाधा वाजले. शाळा गाठायला अर्धा तास.
भिताडाआडनं बघितलं. शै. तोंडभर पिवळी, वळकू यीना. तिनं बी बघितलं मला. हातातली पिशवी बघितली. मग पाय आखडून भिताडाकडं सरकली, पाटासकट. जाऊबाईची बहीण म्हणली, "मधी बस की गं. जागा कुणाला करतीस?"
शै.नं पाय परत म्होरं केले न्हाईत.
वाट झालीया, एका माणसापुरती.
पदर खोचला. पेन एकच हाय, त्यो संगं न्यायचाय. म्हणून हितंच