उत्तरेकडची भिंत

श्री
कसबे रांजणे
११ जानेवारी २०२६

चि. योगिनीस अ. उ. आ.,

लगागा लगागा लगागा लगागा. हसू नकोस, काका अजून ठिकाणावर आहे. आज पहाटे याच आवाजाने जाग आली. मी आठ वर्षांचा असताना आपल्या मुन्सफ कोर्टाची डागडुजी निघाली होती आणि मागच्या आवारात चुन्याची घाणी बसवली होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाक खाचेत एक बारीकशी ठेच खायचं आणि मग दोनदा लांब घरघरायचं. पुढे गुरुजींनी फळ्यावर भुजंगप्रयात वृत्त मांडलं तेव्हा मी बसल्या जागेवरून ओरडलो की ही तर आमची चुन्याची घाणी! गुरुजींनी आधी कान पिळला आणि मग सगळ्या वर्गाला त्याच चालीवर झुलवलं. आता बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. फोनवर तू बोलतेस ते मला कढईत काहीतरी तळल्यासारखं वाटतं. हे जुने आवाज मात्र लख्ख येतात.

धनेश काल चाकणहून शिफ्ट संपवून आला तो बातमी घेऊनच. जुन्या कचेऱ्या, कोर्टं राखायला नगरपरिषदांना फुकट तांत्रिक सल्ला देणारी तुमची ती संस्था, तिने आपल्या रांजण्याच्या कोर्टासाठी तुलाच नेमलं म्हणे. पोरी, तुझे आजोबा या कोर्टात पट्टेवाले होते. मी नाझर, म्हणजे खुर्चीच्या खिळ्यापासून छपराच्या कौलापर्यंत सगळी इमारत माझ्या अंगावर. आता घरातली तिसरी पिढी त्या पायऱ्या चढणार, तीही इंजिनीअर होऊन.

कोर्ट नव्या इमारतीत गेल्यापासून जुनी वास्तू नगरपरिषदेकडे पडून आहे. ती पाडून खाली पार्किंग, वर गाळे काढायचा ठराव २० फेब्रुवारीच्या सभेत यायचाय. तुझा अहवाल त्याआधी गेला पाहिजे. त्या वास्तूवर माझा किती जीव, हे तुला सांगायला नको. जिल्हा न्यायाधीशांनी मला दिलेलं शाबासकीचं पत्र बैठकीत चौकटीत आहेच. त्याची काच तू चेंडू मारून फोडली होतीस, तीही अजून बदललेली नाही.

वर्षाली सूनबाईने तुझ्यासाठी तिळाच्या वड्या राखून ठेवल्यात. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
ज्योतीराम काका

चिंचवड
१९ जानेवारी २०२६

ती. काकांस सा. न. वि. वि.

भुजंगप्रयात म्हणजे काय हे ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं. मी चाल लावून दाखवली आणि भाव खाऊन घेतला.

तीन दिवस काम केलं. घाईत होते म्हणून घरी आले नाही, रागावू नका. काका, काय वास्तू आहे हो! न्यायदालनाचं छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या बघायला मी शिडी लावून वर गेले आणि अर्धा तास खाली उतरलेच नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर. सव्वाशे वर्षांत एकही जागचा हललेला नाही.

दुखणं आहे ते उत्तरेकडच्या भिंतीत. तुळयांची टोकं ज्या भिंतीत बसलीत ती ओलीगच्च आहे. लाकूड कुजायला लागलंय. कारण उघड आहे. कुठल्या तरी महाभागाने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापून वर ऑइलपेंट फासलाय. चुन्याची भिंत जमिनीतून चढलेली ओल हवेत सोडत असते. तिला हा असा रेनकोट चढवला की घाम आतल्या आत. तो शहाणा भेटला तर मी आधी त्यालाच सिमेंट फासणार आहे!

गंमत म्हणजे रेकॉर्ड रूमच्या भिंतींवर अजून चुनाच आहे आणि त्या खडखडीत कोरड्या आहेत. पण नगरपरिषदेचा ओव्हरसियर प्रितम, तरुण आहे, हुशार आहे, हट्टी आहे. तो म्हणतो, मॅडम, भिंत म्हातारी झालीय, म्हाताऱ्यांचं असं होणारच, त्यात सिमेंटला कशाला बोल लावता. सिमेंट कधी आणि का लावलं, याचा कागद मिळाला तर माझी बाजू पक्की होईल. तुमच्याइतकं ते कोर्ट कुणाला ठाऊक? जरा आठवून कळवा.

वड्या संपवू नका. आशीर्वाद असू द्यावा.

आपली
योगिनी

कसबे रांजणे
२७ जानेवारी २०२६

चि. योगिनीस अ. उ. आ.,

तू आली नाहीस तरी मी तुला पाहिलं. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस मफलर गुंडाळून बसलो होतो. तू भिंतीवर तळवा ठेवून किती वेळ उभी होतीस! मग बोटाच्या पेराने ठोकलंस, कान लावलास, दोन पावलं सरकून पुन्हा ठोकलंस. हल्ली डॉक्टरसुद्धा पेशंटला इतका हात लावत नाहीत. टपरीवाल्याला मी चारदा सांगितलं की ती माझी पुतणी. पाचव्यांदा तो म्हणाला, आजोबा, कळलं, आता चहा घ्या.

इकडे थंडी बरी आहे. धनेशला पुढच्या आठवड्यापासून रात्रपाळी. वर्षालीने मला मोबाइलचा आवाज पूर्ण चढवून कविता ऐकायला शिकवलं, पण त्यातली बाई फार भराभर म्हणते, ओळीतल्या यतीवर थांबतच नाही.

तू सिमेंटचं विचारलंस. कोण जाणे. जुने कागद नव्या इमारतीत हलवले तेव्हा निम्मे वाळवीने खाल्लेले निघाले. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार? आणि ज्याने केलं त्याने वाईट हेतूने केलं नसेल, एवढं मनात असू दे. अहवालात त्याला फार टोचू नकोस.

वड्या आहेत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ज्योतीराम काका

चिंचवड
३ फेब्रुवारी २०२६

ती. काकांस सा. न. वि. वि.

दोन दिवस टपरीवर बसलात आणि रस्ता ओलांडून आत आला नाहीत? कमाल आहे तुमची.

काका, प्रकरण अवघड झालंय. प्रितमने नवाच मुद्दा काढला. त्याचं म्हणणं, रेकॉर्ड रूम मूळ इमारतीतली नाहीच, नंतर जोडलेली आहे. नवी भिंत कोरडी राहणारच, तिच्याशी म्हाताऱ्या भिंतीची तुलना कशाला. दगड सारखा, सांधा सारखा, मला दिसतंय. पण सभेत दिसून भागत नाही, कागद लागतो. तो नसेल तर वीस तारखेला ठराव मंजूर होणार, असं नगराध्यक्षा विजयश्रीताईंनीच मला स्पष्ट सांगितलं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यामागे गाळे हवे असलेले दहाजण उभे आहेत.

चुन्याचं काम येणारी एक शालनबाई गाठली. सत्तरीच्या आहेत, पण चुना चिमटीत घेऊन सांगतात किती मुरलाय ते. त्या म्हणाल्या, आमच्या मालकांनी तवाच सांगितलं व्हतं, भितीला कोंडू नका म्हनून. सायेब लोक आयकतंय व्हय? साहेब कोण ते विचारलं तर म्हणाल्या, जाऊ द्या बाई, म्हातारी मानसं हायेत.

तुमच्या वेळचं कुणी हयात असेल तर नाव तरी कळवा. मी स्वतः जाऊन पाया पडेन.

आपली
योगिनी

कसबे रांजणे
९ फेब्रुवारी २०२६

चि. योगिनीस आशीर्वाद.

पाया पडायला लांब जायला नको. तो शहाणा मीच.

१९८७ च्या डिसेंबरात जिल्हा न्यायाधीशांचं इन्स्पेक्शन ठरलं, हातात दिवस नऊ. भिंतींचे पोपडे निघाले होते. शालनबाईचा नवरा आपला नेहमीचा गवंडी. त्याने सांगितलं की चुना मुरायलाच तीन आठवडे लागतात, घाई करू नका, भिंत कोंडेल. मी त्याला चार माणसांत म्हणालो की तुझा चुना राहू दे, आता सिमेंटचा जमाना आहे. तो फावडं उचलून गेला. पुन्हा कोर्टाच्या आवारात आला नाही. आठव्या दिवशी भिंती गुळगुळीत, फिकट हिरव्या, आरशासारख्या झाल्या. मला वाटलं, मी त्या वास्तूला नवं लुगडं नेसवलं. पोरी, खरंच सांगतो, मी फार आनंदात होतो.

रेकॉर्ड रूम तेवढी राहिली, कारण आमच्या मुन्सफसाहेबांनी दप्तर हलवू दिलं नाही. खोलीला कुलूप घालून गवंड्यांना बाहेरच ठेवलं.

कागद आहे. शाबासकीचं पत्र तोच कागद. त्यात टंकलेलं आहे की, अभिलेख कक्ष वगळता मूळ इमारतीच्या सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा नऊ दिवसांत करून घेतल्याबद्दल नाझर यांचे कौतुक. तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे. रेकॉर्ड रूम मूळ इमारतीतलीच, हे त्यातच आलं. अडतीस वर्षं मी ते पाहुण्यांना दाखवलं. तू विचारलंस त्या दिवशी त्याच्याकडे पाठ करून जेवलो. तुझा प्रश्न चुकवला. तुझ्या पत्रात महाभाग हा शब्द वाचला, त्यानंतर माझ्याने खरं लिहवेना.

आज चौकट उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. वर्षालीने स्टूल धरलं. चौकट टॉवेलात गुंडाळून धनेशबरोबर पाठवतो. हे पत्रही सभेत वाच. नाव झाकू नकोस. माझ्या नावामुळे कोर्ट पडायला नको.

याउपर लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

ज्योतीराम

चिंचवड
२२ फेब्रुवारी २०२६

ती. प्रिय काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बसमध्ये फोडलं आणि उतरायचा मोशीचा थांबा कधी मागे गेला ते कळलं नाही. उतरून उलटी चालत आले.

आधी सभेचं सांगते. विजयश्रीताईंनी तुमचं पत्र स्वतः उभं राहून वाचलं. नव्या लुगड्याशी आल्यावर त्या थांबल्या आणि पाणी प्यायल्या. मागून कुणीतरी टोमणा मारला की नाझरांनी म्हातारपणी स्वतःवरच फिर्याद ठोकली. सगळे हसले, मीही हसले. मग गाळेवाल्यांपैकीच एकजण उठून म्हणाला, आपल्यापैकी कुणी आपली चूक अशी शिक्क्यानिशी आणून दिलीय का आजवर?

ठराव तीन महिने पुढे ढकलला. तोवर उत्तरेची भिंत सोलायची, वाळू द्यायची, शालनबाईंच्या हाताखाली चुना करायचा, तुळयांची टोकं दुरुस्त करायची. भिंत वाळली तर कोर्ट राहील. बाहेर आल्यावर प्रितमने तुमच्या पत्राची झेरॉक्स मागितली.

आता तुमचं. रागावले नाही असं कसं म्हणू? तीन आठवडे मला रेकॉर्डचे कागद हुंगायला लावलेत. पण काका, दहा वर्षं मी अशा इमारती बघतेय. प्रत्येक ठिकाणी चूक सापडते, ती करणारा माणूस कधी सापडत नाही. अहवालात आम्ही नेहमी लिहितो, अज्ञात काळी झालेली दुरुस्ती. या वेळी पहिल्यांदा तिथे नाव लिहिलं. लिहिताना मान ताठ होती माझी.

सिमेंट फासायची धमकी मागे घेते. लोभाचं काय विचारता, तो वाढला.

तुमची
योगिनी

कसबे रांजणे
१६ मार्च २०२६

चि. योगिनीस अ. उ. आ.,

तुझं पत्र उशाशी आहे. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही करत नव्हतो. कोर्टाकडे अजून गेलेलो नाही. बाजारात जायचं तर मारुतीच्या देवळामागून वळसा घेतो. लोक काही म्हणत नाहीत, उलट रामराम जास्त घालतात, तेच सोसवत नाही.

बातम्या मात्र कळतात. गिलाव्याचे पापुद्रे हाताएवढे निघाले, आत दगडांवर मिठासारखा पांढरा थर होता, तो रोज ब्रशने झाडतात. शालनबाईने वर्षालीजवळ निरोप धाडला की नाझराला म्हनावं, घरात लपून न्हाई भागायचं, चुन्यात गूळ किती घालायचा ते बघाया या, त्ये काय कोर्टात शिकवत न्हाईत. तिच्या नवऱ्याबद्दल एक शब्द नाही. मी जाणार आहे. तिच्यासमोर उभं राहून काय बोलायचं, ते चार ओळींत बसवून बघतोय. बसत नाही. साध्या गद्यातच बोलावं लागणार.

तुझ्या यंत्राने परवा भिंतीतली ओल निम्मी दाखवली असं धनेश सांगत होता. निम्मी! तू डॉक्टर झाली असतीस तरी मी इतका फुशारलो नसतो. तुझ्या आजोबांनी ज्या दारात उभं राहून आयुष्यभर लोकांची नावं पुकारली, ते दार तू उभं ठेवतेयस.

जेवणखाण वेळेवर करत जा. या चुकलेल्या काकावर आहे तेवढी माया असू दे.

तुझा
ज्योतीराम काका

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात वर्षाली दाराकडून हातवारे करायला लागली. पाहतो तो तुझा प्रितम! मला ऐकू येत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतं, सगळं चिठ्ठीवर लिहूनच आणलंय. गेल्या वर्षी गावच्या जुन्या दगडी दवाखान्याला त्यानेच सिमेंट लावलं, त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला, आता तिथली भिंत हाताला ओली लागते. मुख्याधिकाऱ्यांना लिहायचंय, आणि असं पत्र सुरू कसं करतात ते विचारायला आलाय. मी नवा कागद काढलाय. तो अजून उंबऱ्याबाहेरच आहे, खाली मान घालून बुटाच्या नाड्या सोडतोय.