बदललेली काच

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पाया पडून लिहायला बसले आहे. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत भरपूर ऊन येतं. आईचा गुडघा आता वाकतो का?

विश्वाला पसरवणारी अदृश्य ऊर्जा हळूहळू कमी होतेय का, हे मी दूरवर फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजून शोधत होते. सहा वर्षांनी उत्तर आलं, होतेय. शोधनिबंध छापायला गेला आणि तुम्ही तर गल्लीभर सांगून मोकळे झालात.

मंगळवारी जुन्या नोंदी चाळताना दिसलं की दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातली रंगीत काच मधेच बदलली होती. मी मात्र शेवटपर्यंत जुनीच काच धरून आकडे काढले होते. ते दुरुस्त केल्यावर ऊर्जा कमी होत असल्याची खूणच उरली नाही.

आमच्या प्रमुख बाईंना दाखवलं. त्यांनी सगळे आकडे स्वतः पुन्हा तपासले. मग म्हणाल्या, "तू बोलली नसतीस तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना," मी म्हटलं.

निबंध मागे घेतला. माझ्याबरोबर राबलेली मुलगी जिन्यात बसून रडली. तिची पदवी त्यावरच अवलंबून होती. माझी नेमणूक पुढे वाढणार नाही, असं काल कळवलंय.

बाबा, आईला यातलं काही सांगू नका. काम संपलं म्हणून येतेय, एवढंच सांगा. ते खोटं नाही.

तुमची,
थोरली