बर्फावरची उडी आणि आशाची जीप

तळोदा,
होळीनंतरचा दुसरा मंगळवार

म्हसावदचे रहिवासी, थोरले साडूभाऊ श्री. दलसिंग यांच्या सेवेशी तळोद्याहून इंद्रसिंगचा रामराम. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. आपणही असालच, कारण आजार आपल्या घरी यायचा तर आपल्याच पिकअपमधून येणार, म्हणजे त्याला अजून वेळ आहे. (हे ‘आपण’ एवढ्यापुरतंच. पत्राची सुरुवात मानाने करावी असं शाळेत शिकवलं होतं, ती झाली.) अक्काचे गुडघे कसे आहेत? पपई उतरवायला सुरुवात झाली का? तू हिरवी पपई गाडीत चढवतोस आणि बाजारात पोचेपर्यंत ती वाटेतच पिकते, असं शहाद्याचे व्यापारी सांगतात. मी त्यांना सांगितलं की आमचे साडू जपून चालवतात. जपून म्हणजे किती, ते म्हैस पुढे निघून गेल्यावर कळतं.

तर मुद्द्याचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या होणाऱ्या जावयाने, नवलसिंगने, आमच्या टीव्हीला तो काळा खोका जोडला होता, ते तुला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देणारच. पडद्यावर एक बर्फाचा डोंगर, त्यावरून खाली येणारी भली मोठी घसरगुंडी, आणि पायाला दोन लांब पट्ट्या बांधलेला एक माणूस. हातातलं हिरवं बटण दाबून धरलं की तो उकिडवा बसून घसरत सुटतो. घसरगुंडी संपते त्या अगदी कडेला बटण सोडलं की उडतो. आधी सोडलं की आपटतो, नंतर सोडलं तरी आपटतो. ज्या देशात माणसं हे खरोखर करतात तिथे त्यांच्या बायका त्यांना काय म्हणतात कोण जाणे. नवलसिंग मोलगीच्या शाळेत मास्तर आहे. त्याने आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, पण समजावून असं सांगत होता की जणू बारसं बर्फातच झालं. तो उडाला, आमची आशा त्याच्याही पुढे उडाली, आणि अक्कासुद्धा चष्मा सावरत बऱ्यापैकी लांब जाऊन पडली.

मग माझी पाळी. कडा दिसली आणि माझा अंगठा बटणावरून उठून हॉर्न शोधायला गेला. माणूस अर्ध्या उतारावरच उभा राहिला आणि मिरचीच्या पोत्यासारखा गडगडत खाली गेला. परत खेळलो, परत पोतं. यात माझा काय दोष, तूच सांग. जन्मभर मोलगीच्या घाटात जीप चालवली. पुढे कडा दिसली की आधी हॉर्न, मग ब्रेक, मग देवाचं नाव, हे अंगात भिनलंय. तुझं तर काही विचारूच नये. तू बटण सोडलंच नाहीस. उजवा पाय असा जोरात जमिनीवर दाबलास की पाण्याचा तांब्या लवंडला आणि तुझा माणूस बसला होता तसाच, उकिडवा, कड्यावरून खाली गेला. वर तू गंभीरपणे म्हणालास, ‘ब्रेक लागना नही.’ सगळे पोट धरून हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण तुझ्यामुळे मी शेवटून दुसरा होतो.

हसणं थांबलं तेव्हा आशा मात्र हसत नव्हती. तुला माहीतच आहे, साखरपुड्यात मी सगळ्यांदेखत सांगून टाकलंय की माझी पोर घाट चढून सासरी जाईल ती माझ्याच जीपमधून आणि स्टिअरिंगवर मी असेन. (बापाने नवरीची गाडी हाकायची रीत नाही, हे मला सगळ्या भावकीने ऐकवून झालंय. ज्यांनी रीत पाडली त्यांच्याकडे जीप नव्हती.) आशा म्हणाली, ‘बाबा, तुन्हा हात आते मागे पडी ऱ्हायना. घाटमा कसं व्हई?’ झालं. नवलसिंगने लगेच पुस्तकी मराठीत सांगितलं की माणसाची चपळाई तपासायला हा खेळ उत्तम आहे. आणि ठरलं काय, तर हळदीच्या आत मी एक स्वच्छ उडी मारून दाखवायची, नाहीतर जीप नवलसिंगचा मित्र चालवणार. तो मित्र मी पाहिलाय. एका हाताने वळण घेतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा फोटो.

मी परोपरीने सांगितलं की कडेपर्यंत वाट बघत बसणारे ड्रायव्हर आम्ही दोर लावून वर काढलेले आहेत. पण टीव्हीसमोर अनुभवाला कोण विचारतो? आशाच्या आईने, आमच्या पारूने, मात्र माझी बाजू घेतली. म्हणाली, ‘मन्ही पोर जीपमा बसनार शे, टीव्हीमा नही.’ मला बरं वाटलं. मग ती म्हणाली की माझा भरवसा तिला दोन्हीकडे नाही, आणि सूप घेऊन मिरच्या निवडायला बसली.

नवलसिंग खोका आमच्याकडेच ठेवून गेला होता. रोज दुपारी जेवण झालं की मी त्याच्यासमोर. डाव्या हाताने खेळून पाहिलं. चप्पल काढून पाहिली. अंगठा बटणाला दोऱ्याने बांधला, तर तो सुटायच्या वेळी सुटेना आणि माझाही माणूस तुझ्यासारखा उकिडवा दरीत गेला, तेव्हा मात्र मी घाबरलो. शेवटी मदतीला कोण आला असेल? उखा. आठवतो ना, माझा क्लीनर? बाजाराच्या दिवशी मागच्या शिडीला लटकून यायचा आणि स्टँडवर जीप थांबायच्या आत खाली. कधी पडला नाही. मी आरशात बघायचो. गुडघे वाकवायचा, थांबायचा, अजून थांबायचा, आणि मग उतरायचा. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अरे, उडी ड्रायव्हरने मारायचीच नसते. ते क्लीनरचं काम. मग मी स्टिअरिंग, हॉर्न, ब्रेक सगळं मनातून काढून टाकलं, गुडघे वाकवून बसलो, कडा येऊ दिली, मनात म्हटलं, ‘उखा, उतर,’ आणि अंगठा उचलला.

दलसिंग, काय उडालो मी. खाली देवदाराची झाडं, लोकांची गर्दी, आणि मी वर. दोन्ही पायांवर उतरलो. पारू सूप हातात घेऊन बघतच राहिली. आता दहा उड्या मारल्या तर एखादीच फसते. आशाने माझ्या गळ्यात हात टाकले, नवलसिंगने फोन करून अभिनंदन केलं (पुस्तकी मराठीतच), आणि जीप माझी झाली. खोक्यात सगळ्यांचे क्रमांक लिहिलेले राहतात. तुझं नाव सर्वांत खाली आहे. लग्नाला या, मागच्या सीटवर आरामात बसा, आणि गाडी कशी चालवतात ते बघा.

अक्काला नमस्कार, म्हशीला चारा, पिकअपला थोडा वेग लाभो.

तुझा,
इंद्रसिंग

ता. क. लग्नासाठी पपई तुझ्याच पिकअपमधून आणणार असशील तर या पत्राचं उत्तर न लिहिता लगेच निघ.

दुसरा ता. क. आता हे एकट्याने वाच. फोनवर बोललो असतो, पण पारू शेजारीच असते, म्हणून पत्र म्हसावदच्या फेरीवर जाणाऱ्या नारसिंगच्या जीपने पाठवतोय. काल मी सराव म्हणून रिकामी जीप घेऊन घाट चढलो. मोठ्या वळणावर कडा समोर आली. हॉर्न वाजला नाही. पाय ब्रेकवर गेला नाही. मी गुडघे आवळून कडा यायची वाट बघत बसलो, आणि मनात ‘उखा, उतर’ म्हणूनसुद्धा झालं. शेवटी ब्रेक कसा लागला मला सांगता येत नाही. पुढचं चाक कडेच्या दगडाला टेकलं होतं. उतरून बराच वेळ त्याच दगडावर बसून राहिलो. त्या जीपमध्ये मागे आशा असती, हे डोक्यातून जात नाही. खूप भीती वाटतेय रे.

हे मी घरी सांगू शकत नाही. पोर इतकी खूश आहे. म्हणून तू एक कर. लग्नाच्या दिवशी सकाळी मानपानावरून रुसून बस. म्हण, थोरल्या साडूचा मान आहे, नवरीची गाडी मीच चालवणार, नाहीतर जेवणार नाही. आपल्याकडे कोणाला त्यात काही वावगं वाटणार नाही. मी दोनदा नाही म्हणेन, चांगला चिडेन, आणि मग चावी तुझ्या हातात आपटेन. मी मागे आशाजवळ बसतो. मोलगीला पोचेपर्यंत अंधार पडला तरी चालेल, मी कोणाला काही बोलू देणार नाही.

आणि तोपर्यंत तो खेळ शिकू नकोस. नवलसिंग खोका घेऊन तुझ्याकडे आला तर त्याला पपई दे आणि वाटेला लाव.