सेकारिनीच्या तळहातांची शास्त्रीय निगा

योग्यकर्ता (जावा), ३ जून
कन्या सेकारिनी हिचे तळहात आजपासून माझ्या देखरेखीखाली. ती कृत्रिम भिंतीवर चढाई करते. तळहातांवर घट्टे पडतात, फाटतात, पुन्हा पडतात. प्रांताच्या संघाची निवड महिनाअखेरीस आहे. हाताच्या निगेचे काम रोज माझी पत्नी कै. पूर्वांती करीत असे. मी शेजारी वर्तमानपत्र वाचीत असे; तथापि निरीक्षण चालू होतेच. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरास एवढे पुरेसे आहे.

६ जून
पूर्वांतीची लुलुरची बरणी सापडली. हळद, चंदन, तांदळाची पिठी. नववधूस चोळतात तेच उटणे. सेकारिनी म्हणाली, "बापाक, इबू हे स्वतःच्या चेहऱ्याला लावायची. माझ्या हाताला नुसती कानस." शोकामुळे मुलीची आईविषयीची स्मृती सदोष झाली आहे. चोळले.

११ जून
घट्टे मऊ होऊन निघू लागले. प्रशिक्षक हार्जितो यांचा फोन. "अहो, पोरीला भिंतीवर चढायचंय, बोहल्यावर नाही! घट्टा घासून सपाट करायचा, उडवायचा नाही." या गृहस्थांचे स्वतःचे हात म्हणजे कासवाची पाठ. मत विचारात घेतले नाही.

१५ जून
सरावात उजव्या तळहाताची कातडी सुटली. निदान: लुलुर अपुरे. मात्रा वाढविली. सेकारिनी रडली. झोंबते, म्हणजे गुण येतो. पूर्वांतीलाही शेवटच्या आठवड्यात मी हेच सांगत होतो.

२१ जून
मेहुणी तुमिनी आली. पोरीचा हात धरून म्हणाली, "काय गं, लग्न ठरलं आणि मावशीला पत्ता नाही?" सेकारिनी हसली नाही. मग तुमिनी मला म्हणाली, "दाजी, ताई गेली त्याचा राग पोरीच्या हातांवर कशाला?" तुमिनीस शास्त्राचा गंध नाही.

२८ जून
निवड चाचणी. अर्ध्या वाटेवरच दोन्ही तळहात सोलले. सेकारिनी दोरीला लोंबकळत राहिली. धीर देण्यासाठी मी खालून मोठ्याने सांगितले की घरी गेल्यावर पुन्हा लावू. लोक हसले. भिंतीवरच्या हाताच्या पकडींवरचे रक्त पुसून पुढच्या मुलीस चढविण्यात आले. तिचीच निवड झाली. पकडी अत्यंत निकृष्ट व खरखरीत होत्या. आयोजकांकडे लेखी तक्रार करणार.

१९ जुलै
सेकारिनीने चढाई सोडली. सध्या तुमिनीकडे राहते. आज भेटावयास गेलो. हात पाहिले: घट्टा नाही, भेग नाही, डागही नाही. उपचार पूर्णतः यशस्वी झाल्याचे तिला सांगितले. तिने हात काढून घेतला व मावशीस म्हणाली, "बुलिक, यांना चहा दे. मग जाऊ दे."
चहा उत्तम होता. मी बाहेर पडताच आतून कडी लागली.