मागची खोली बँडवाल्याच्या नावे

मी, खाली सही करणारा, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या गल्लीत माझ्या शुद्धीवर नुसत्या शब्दाने कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात गल्लीची काही चूक नाही. यकृत कामातून गेल्याचेही त्याच डॉक्टरांनी सांगितले. दारू सोडून मला बरीच वर्षे झाली, पण यकृताला ते उशिराच कळले.

कलम एक. यापूर्वी मी काही लिहून दिले असल्यास ते रद्द समजावे. वरचा मजला थोरल्या भावाला दिल्याचा कागद मात्र रद्द होत नाही, असे वकील म्हणतात. तो त्याने माझ्याकडून कोणत्या अवस्थेत लिहून घेतला हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि मला आठवत नाही, एवढाच आमच्यातला वाद. सबब थोरल्या भावास काहीही मिळणार नाही. वहिनीस माझे लाकडी कपाट द्यावे. मी जिन्यात पडलेलो असे तेव्हा ती नवऱ्याच्या नकळत अंगावर पांघरूण टाकून जाई.

कलम दोन. पॉलिशचे यंत्र, जबडा जुळवायचा पितळी सांगाडा, कोरण्या, मेणाच्या सुऱ्या, ही सर्व हत्यारे समोरच्या दुकानातल्या कवळीवाल्यास द्यावीत. त्याच्याशी मी अनेक वर्षे अबोला धरला. दातांच्या डॉक्टरांना त्यानेच जाऊन सांगितले होते की, हा माणूस मेण वितळवायच्या दिव्यातले स्पिरिट पितो, याला काम देऊ नका. गोष्ट खरी होती, म्हणून जास्त झोंबली. त्या काळात माझ्या हातून गेलेल्या वाकड्या कवळ्या त्याने काही न बोलता दुरुस्त करून दिल्या, हे मला मागाहून कळले. असा वैरी असल्यावर मित्राची काय गरज.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीचे. ती परगावी असते. मी सुधारल्याचे कोणाकडून तरी कळल्यावर तिने एकदा फोन केला होता. म्हणाली, “बाबा, तुम्ही सोडलीत असं ऐकलं. चांगलं झालं. आईला तेवढं बघायला मिळालं नाही.” मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. पुन्हा केला नाही. तिने हे पैसे नाकारले तर तिला गळ घालू नये. नाकारण्याचा हक्कही तिलाच दिला आहे, असे समजावे.

कलम चार. हे कलम मालमत्तेचे नाही, पण पुढचे कलम त्यावाचून समजणार नाही. दारू सोडवण्यासाठी मला ज्या वॉर्डात बांधून ठेवले होते तिथे मी देवाला शिव्या देत होतो. तिथली सिस्टर म्हणाली, “दे की. ऐकणारा कोणीतरी आहे असं धरूनच देतोयस ना? मग तेवढ्यावर आजचा दिवस काढ.” काढला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एकाला कापरे भरले होते. सिस्टरने मला त्याच्याजवळ नेऊन बसवले आणि त्याचा हात धरायला सांगितले. त्याचा हात थांबला नाही, माझा थांबला. पुढे माझ्या मागच्या खोलीत मी हेच करत आलो. दर संध्याकाळी लोक येत. कोणी दारूवाले, कोणी गोळ्यांवाले. आधी सगळे मिळून देवाचे नाव घ्यायचे, मग ज्याचा त्याने दिवस सांगायचा. एके काळी खुर्च्या पुरत नसत.

आता त्या भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. बहुतेक जण पुन्हा प्यायला लागले आणि गेले. नशेची सुई घेणारी एक मुलगी होती, शिवणकाम करायची, हसायला लागली होती. ती वारली तेव्हा तिची आई माझ्या दारात आली आणि शांतपणे म्हणाली, “तुमच्या देवानं तुम्हाला वाचवलं, त्या वेळी माझी पोर त्याला दिसली नव्हती का?” मी रोज सकाळी हात जोडून बसतो. समोर कोणी आहे असे हल्ली वाटत नाही. तरी बसतो, कारण एक सवय सुटली की दुसरी लागते, आणि ती दुसरी कोणती हे मला माहीत आहे.

कलम पाच. तळमजल्याची मागची खोली खुर्च्यांसह बँडवाल्यास द्यावी. हा समारंभात ट्रम्पेट वाजवतो. पिऊन पडून त्याचे पुढचे दात गेले आणि वाजवणे बंद झाले होते. फुंकर नीट बसेपर्यंत मी त्याचे दात तीनदा नव्याने केले. या खोलीत आता तो एकटाच येतो. आम्ही दोघे समोरासमोर बसतो, देवाचे नाव घेतो आणि कोणी येते का याची वाट पाहतो. माझ्यामागे त्याने दार उघडे ठेवावे. पुढची कामाची खोली विकून माझे औषधपाणी व अंत्यविधीचा खर्च भागवावा. माझ्याविषयी कोणी भाषण करू नये.

पुरवणी. वरील मजकूर काल पुरा झाला. आज दुपारी बँडवाल्याला कलम पाच वाचून दाखवायला बोलावले. तो दारात उभा राहिला तेव्हाच वास आला. मी वाचले. त्याने भिंतीला टेकून ऐकून घेतले.

“खोडा ते, दादा,” तो म्हणाला. “बघताय ना मी कसा आलोय.”

मी म्हटले, खोडणार नाही.

“मी ती विकेन. विकून पिऊन टाकेन.”

“टाकशील,” मी म्हणालो. मला तसेच वाटते, म्हणून तसे म्हणालो. “पण सगळ्यांत जास्त गरज आज तुलाच आहे.”

तो रडला नाही, की त्याने शपथही घेतली नाही. त्याला मागच्या खोलीत नेऊन आडवे केले आणि त्याचा हात धरून बसलो. देवाचे नाव घ्यायला गेलो, तर तोंडातून निघाले नाही. बसून राहिलो.

वकिलांनी फोनवर खोली दुसऱ्या कोणाच्या नावे करण्याचा सल्ला दिला. दुसरे कोणी नाही. कलम पाच जसेच्या तसे कायम.

साक्षीदार एक: वॉर्डातल्या सिस्टर, आता निवृत्त. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.
साक्षीदार दोन: दाखला देणारे डॉक्टर.

दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या कराव्यात. तो आत झोपला आहे, तेव्हा हळू बोलावे.

सही: कवळीवाला
ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: आजचा, शनिवार